सिस्टरांची चंदेरी गाडी

सिस्टर व्हॅनमध्ये कधी सरळ बसल्या नाहीत. ड्रायव्हरशेजारची सीट त्यांची. तिच्यावर त्या अशा तिरक्या बसायच्या की पाठ दाराला, एक डोळा रस्त्यावर आणि बाकीचं सगळं लक्ष मागे बसलेल्या आम्हा लोकांवर. बहरीनमधल्या जुफैरच्या आमच्या बिल्डिंगखालून हॉस्पिटलची व्हॅन हलली की त्या घसा साफ करायच्या आणि बोलायला लागायच्या. आधी इंग्रजीत, मग हिंदीत आणि शेवटी फक्त माझ्यासाठी मराठीत.

"सुप्रभात. गाडी वेळेवर निघालेली आहे. बाहेर दमट आहे, आत एसी चालू आहे. सीफला पोहोचेपर्यंत कोणाचं डोकं दुखलं, कोणाला मळमळलं, कोणाला घरची आठवण आली, तर मला सांगावं."

घरची आठवणसुद्धा त्या मळमळीच्याच सुरात म्हणायच्या. जणू तिच्यावरही त्यांच्या पर्समध्ये गोळी होती.

मी तेव्हा बहरीनला नवा होतो. सीफमधल्या एका खासगी हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन म्हणून लागलो होतो. हॉस्पिटलात सिस्टर पुष्कळ होत्या, पण नुसतं 'सिस्टर' म्हटलं की ते या एकट्या बाईंचं नाव. मूळच्या कामठीच्या. अंगाने बारीक, केस पांढरे आणि आखूड, युनिफॉर्मला अशी इस्त्री की वाकल्या तर कागदासारखा आवाज यायचा. साठीकडे झुकल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी कराडकडचा आहे हे कळल्यावर म्हणाल्या, "म्हणजे साखरेचे लोक. जय भीम. खिडकीजवळ बस, तुले पाहायला लागेल."

"काय पाहायला लागेल?" मी विचारलं.

"बाहेर!" त्या म्हणाल्या. याहून जास्त समजावण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही.

मग कळलं. व्हॅन चालू असताना त्या बाहेर जे दिसेल ते आम्हाला दाखवायच्या. जुफैरचे टॉवर मागे पडले की डावीकडे काय, उजवीकडे काय. "इथे पूर्वी समुद्र होता. ज्या जागेवरून आपण जाऊन राहिलो तिथे मासे होते." जिदहफ्सला लॅबमधली दोन माणसं चढायची, तिथे थांबलो की, "ही खजुराची झाडं पाहून घ्या. मागच्या वर्षी जास्त होती." रोज तोच रस्ता, रोज तीच झाडं. दोघी फिलिपिनो नर्स डोळे मिटून बसायच्या. मी कानात इअरफोन घालायचो. सिस्टरांना त्याचं काही वाटत नसे. झोपलेल्या माणसालाही त्या तितक्याच अदबीने झाडं दाखवायच्या.

हे सगळं एका आगगाडीमुळे होतं, हे समजायला मला दोन-तीन महिने लागले.

ती गाडी अमेरिकेतली. तिला इंग्रजीत पश्चिमेच्या वाऱ्याचं नाव होतं. सिस्टर तिला 'चंदेरी' म्हणायच्या, जशी कोणी घरातल्या म्हशीला म्हणेल तशी. शिकागोहून निघून पहाड ओलांडून पार पलीकडच्या समुद्रापर्यंत जायची. सगळे डबे स्टेनलेस स्टीलचे, बाजूंना पन्हळीसारख्या रेघा, कुठे रंग नाही, कुठे गंज नाही. काही डब्यांच्या डोक्यावर काचेचा घुमट होता, त्यात बसून आभाळ दिसायचं. शेवटचा डबा मागून गोल.

पण सिस्टरांचा जीव डब्यांवर नव्हता. त्या गाडीत एक मुलगी असायची. एका गाडीला एकच. शिकलेली, नाहीतर नर्सिंग केलेली, अविवाहित, इस्त्रीच्या युनिफॉर्ममधली. लहान पोरांना सांभाळायचं, म्हाताऱ्यांना हात द्यायचा, कोणाला लागलं-खुपलं तर पट्टी बांधायची, आणि माइकवरून प्रवाशांना सांगायचं की आता डावीकडे नदी दिसेल, आता मोठा बोगदा येईल. गाडीचं वेळापत्रकच असं बांधलेलं होतं की पहाड दिवसाउजेडी यावेत.

"कोणी बांधलं असेल बावा असं वेळापत्रक?" सिस्टर म्हणायच्या. "लोक पोहोचायचं पाहतात. याने लोकांना दिसायचं पाहिलं."

इतिहास त्या सलग कधी सांगत नसत. ट्रॅफिक जसा असेल तसा तुकडा. मोकळा रस्ता मिळाला की सुरुवातीची गोष्ट निघायची. अमेरिकेत मंदी होती, लोकांनी रेल्वे सोडून मोटारी धरल्या होत्या, तेव्हा एका रेल्वेच्या मालकाने चंदेरीची पूर्वज म्हणावी अशी हलकी, वेगवान, चकचकीत गाडी बनवून घेतली आणि पैज मारल्यासारखी ती एका दिवसात सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत न थांबता मैदान पार करायला सोडली. गाडीत पाहुणे होते, पत्रकार होते आणि एक गाढवाचं पिल्लूही होतं. वाटेत इंजिन बंद पडलं. एक वायर तुटली होती. गाडी उतारावर नुसती घरंगळत होती. थांबली असती तर सगळी पैजच गेली असती. तेव्हा एका माणसाने तुटलेल्या वायरची दोन टोकं नुसत्या हातांनी जोडून धरली. इंजिन सुरू झालं. त्याचे हात भाजले.

"गाडी किती वाजता पोहोचली ते सगळ्यांनी लिहून ठेवलं," सिस्टर म्हणायच्या. "त्याच्या हाताला काय लावलं ते कोणी लिहिलं नाही. मी शोधलं. कुठेच नाही."

आणि ट्रॅफिक तुंबला की शेवटची गोष्ट. विमानं आली, रुंद रस्ते आले. तीन कंपन्यांची मिळून ती गाडी, एकीला परवडेना, दुसरीला सोडवेना. सरकार बंद करू देईना, मग शेवटी एकदा करू दिली. शेवटच्या फेरीला लोक स्टेशनांवर उभे होते म्हणे. सिस्टरांच्या तोंडून हे ऐकताना समोरच्या गाड्यांचे लाल दिवे दिसायचे आणि सगळी व्हॅन थोडी उदास व्हायची.

आमच्या बिल्डिंगमध्ये जवळच्या नौदल तळावरचे अमेरिकन राहायचे. एकदा लिफ्टमध्ये एक उंच पोरगा भेटला. सिस्टरांनी विचारलं, चंदेरीचं नाव ऐकलंय का? नाही म्हणाला. मग सिस्टरांनी त्याला त्याच्याच देशातली गाडी सांगायला सुरुवात केली. त्याचा मजला आला, दार उघडलं, दार मिटलं, तो सभ्य मुलगा ऐकत राहिला. वर गच्चीपर्यंत जाऊन आम्ही खाली आलो. शेवटी तो म्हणाला, "मॅम, सॉरी, आम्ही सगळे विमानानेच जातो."

"म्हणूनच बंद पडली," सिस्टर म्हणाल्या. पण रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच्या दाराला चिवड्याची पुडी लटकत होती.

बुद्धपौर्णिमेला त्या खीर करून व्हॅनमध्ये आणायच्या. स्टीलचा मोठा डबा, कागदी पेले, प्रत्येकाला हातात. इथे त्या दिवसाची सुट्टी नसते, एका वर्षी असेच सगळे कामावर निघालेले. संध्याकाळी परतताना व्हॅनमध्ये मी आणि त्या असे दोघेच उरलो, तेव्हा उरलेली खीर खाताना मी विचारलं, "सिस्टर, तुम्हाला ही गाडी सापडली कुठे? कामठीत?"

"नागपूरले. नर्सिंगच्या हॉस्टेलात." खिडकीतून बाहेर बघत त्या म्हणाल्या. "कोणीतरी जुनी इंग्रजी मासिकं टाकून दिली होती, त्यांचा गठ्ठा होता. मले इंग्रजी धड येत नव्हतं, म्हणून मी चित्रं पाहायची. एका पानावर ती पोरगी उभी. डब्याच्या दाराशी, पायरीवर. एका म्हातारीला हात देऊन राहिली होती. मी वॉर्डन बाईंना विचारलं, ही कोण? त्या म्हणाल्या, गाडीतली नर्स असेल. मी म्हटलं, गाडीत नर्स असते? मग मले हेच व्हायचं आहे."

"मग?"

"मग काय! आमच्या घरात मीच पहिली शिकलेली. आईले सांगितलं, मी चंदेरी गाडीत नोकरी करणार. आई सगळ्या मोहल्ल्याले सांगून मोकळी झाली. पुढे इंग्रजी यायला लागलं तेव्हा तारीख वाचली. गाडी बंद पडली तेव्हा मी पाटीवर अक्षरं गिरवत होते." त्यांनी चमचा पेल्यात ठेवला. "माझी नोकरी माझ्या आधीच संपली होती, बापा. मले कोणी सांगितलंच नाही."

त्यांच्या शेजारी आमचा ड्रायव्हर युसुफभाई गाडी चालवत होता. त्याला मराठी येत नव्हती. पण मधूनमधून मान वळवून तो सिस्टरांकडे बघत होता आणि त्याने रेडिओ बंद केला होता.

हा युसुफभाई कोझिकोडकडचा. बहरीनमध्ये अर्धं आयुष्य ड्रायव्हिंगमध्ये गेलेला, जाड भुवयांचा, कमी बोलणारा माणूस. सिस्टरांचा सगळ्यात मोठा बळी तो होता. जुन्या गाड्यांमध्ये इंजिनात दोन माणसं असायची आणि एकाने सिग्नल पाहून मोठ्याने म्हणायचं, दुसऱ्याने पाहून तेच परत म्हणायचं, अशी पद्धत होती. ती सिस्टरांनी व्हॅनमध्ये आणली. सिग्नल आला की युसुफभाईने म्हणायचं, "हरा." सिस्टरांनी म्हणायचं, "हरा." लाल असला की "लाल," "लाल." एवढा गंभीर माणूस हे का करतो याचं आम्हाला नवल वाटायचं. एकदा मी विचारलंच. तो म्हणाला, "भाई, मेरी बीवी फोन पे भी इतना नहीं बोलती. कोई तो रोज बात करता है."

नवीन माणूस आला की हसायचा. आम्ही हसत नव्हतो, पण शेजारच्या गाडीतल्या लोकांनी ऐकू नये म्हणून खिडक्या बंद ठेवायचो.

एकदा आम्ही निघालो, तेव्हा आदल्या रात्रभर पाऊस पडला होता. बहरीनमध्ये पाऊस म्हणजे वर्षातून थोडेच दिवस, पण तेवढ्यात रस्ते भरतात. अंडरपासमध्ये पाणी, टँकर पंप लावून उभे, गाड्या मुंगीच्या पावलांनी. आम्हाला सगळ्यांना उशीर झालेला. जिदहफ्स मागे टाकून व्हॅन सीफच्या मोठ्या रस्त्याला लागली, थोडी मोकळी जागा मिळाली. पुढे सिग्नल होता.

"हरा," युसुफभाई म्हणाला.

सिस्टर बोलल्या नाहीत. मी खिडकीतून बघितलं. सिग्नल हिरवाच होता.

"युसुफभाई, फिर से बोलो," सिस्टर म्हणाल्या.

"क्या?"

"जो बोला, वही फिर से बोलो."

"ह...ला," तो म्हणाला आणि हसला.

"गाडी साइड में लो."

"सिस्टर, लेट हो रहा..."

"अभी लो! अभी!"

सिस्टरांचा आवाज मी तोवर कधी चढलेला ऐकला नव्हता. व्हॅन सिग्नल ओलांडून कडेला लागली, पुढचं चाक फुटपाथवर चढलं आणि थांबली. सिस्टरांनी हात घालून चावी काढली आणि आपल्या खिशात टाकली. मग त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून स्वतःकडे वळवला. मी पुढे सरकून पाहिलं. तो हसायचा प्रयत्न करत होता आणि अर्धाच चेहरा हसत होता.

"दोनों हाथ उठाओ. ऐसे. आँखें बंद."

त्याने दोन्ही हात उचलले. डावा तिथेच राहिला. उजवा हळूहळू खाली आला, जसा कोणी त्यात वाळू भरत असावं. त्याला ते कळलंच नाही. डोळे मिटून तो तसाच बसला होता, दोन्ही हात वर आहेत अशा समजुतीने.

"अँब्युलन्सला फोन लाव," सिस्टर मला मराठीत म्हणाल्या. "स्ट्रोक आहे असं सांग. स्पष्ट सांग. जागा नीट सांग." त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि स्वतःच्या तळहातावर वेळ लिहिली.

मी फोन लावला. अरबी आणि इंग्रजी मिसळून जवळच्या मॉलची दिशा सांगितली, रस्ता सांगितला. मागून लॅबमधला एक जण म्हणाला, आपलं हॉस्पिटल समोरच तर आहे, मी चालवतो, दोन मिनिटांत पोहोचू. सिस्टर म्हणाल्या, "आपल्याकडे याची सोय नाही. मोठ्या सरकारी हॉस्पिटलातच न्यायला लागेल." कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. ती सिस्टरांनी हाताने बाजूला ढकलली. "पाणी नको! गिळता यायचं नाही त्याला."

युसुफभाई आता घाबरला होता. त्याला कळत होतं आणि बोलता येत नव्हतं. जीभ जड झाली होती. तुटक तुटक तो जे म्हणत होता त्यातले दोन शब्द मला कळले. लायसन्स आणि व्हिसा. डाव्या हाताने तो सिस्टरांच्या खिशातली चावी मागत होता. त्याला वाटत होतं, गाडी हॉस्पिटलपर्यंत नेऊन उभी केली तर काही झालंच नाही असं होईल.

सिस्टरांनी तो हात धरला. "युसुफभाई, मेरी तरफ देखो. चावी मेरे पास है. गाड़ी मेरे पास है. लोग मेरे पास हैं. आप पॅसेंजर हो अभी. समझे? सिर्फ पॅसेंजर."

आम्ही त्याला सीट मागे करून एका कुशीवर टेकवलं. पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला होता. दोघी फिलिपिनो नर्स खाली उतरून मागून येणाऱ्या गाड्यांना हात करत होत्या. मी त्याच्या पायाशी बसलो होतो. माझा व्यवसाय एक्स-रे काढायचा. माणसांची हाडं मी रोज पाहतो. पण भीती अशी समोरासमोर, एका चेहऱ्याच्या अर्ध्याच भागात, मी पहिल्यांदा पाहिली. मनात सारखं एकच येत होतं, की पाण्यामुळे अँब्युलन्स अडकली तर?

ती आली. सिस्टर तिच्यात चढल्या, आणि मला म्हणाल्या, "चल." मोठ्या हॉस्पिटलात इमर्जन्सीच्या दाराशी एक तरुण बहरीनी डॉक्टर पळत आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, कधी सुरू झालं? सिस्टरांनी तोंडाने उत्तर दिलं नाही, तळहात त्याच्यापुढे धरला. त्याने तो वाचला, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि स्ट्रेचरबरोबर आत पळाला.

मग सीटी स्कॅन, मग इंजेक्शन, मग थांबणं. आम्ही दोघं भिंतीला टेकून प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. सिस्टर चंदेरीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "त्याच्या मुलीचं लग्न ठरून राहिलं आहे."

दुपारनंतर तो डॉक्टर बाहेर आला. म्हणाला, वेळेत आणलंत. हात हलवतोय. बोलतोय. आत गेलो तेव्हा युसुफभाई पडून होता आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून चादरीवर आपटून बघत होता. सिस्टरांना पाहून तो जड जिभेने पण स्वच्छ म्हणाला, "गाड़ी को लॉक किया?"

सिस्टर हसल्या. बाहेर आल्या आणि कॉरिडॉरमध्ये फरशीवरच बसल्या. इस्त्रीचा युनिफॉर्म, ओल्या चपला. मी खालून करक, म्हणजे इथला घट्ट दुधाचा चहा आणला. एरवी बिनसाखरेचा पिणाऱ्या बाईंनी तो गोडमिट्ट चहा दोन घोटांत संपवला आणि माझाही घेतला.

"तुम्हाला कसं कळलं हो?" मी विचारलं. "मला तर काहीच वेगळं ऐकू आलं नाही."

"तुझ्या कानात ते खुंटे असतात," त्या म्हणाल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून थोड्या मऊ झाल्या. "माझं काय आहे, मी रोज त्याचं ऐकून परत म्हणते ना. आज मले परत म्हणता येईना. त्याने जे म्हटलं ते शब्दासारखं नव्हतंच."

युसुफभाई वाचला, पण नोकरीचा प्रश्न उरला. निदान काही महिने त्याने गाडी चालवायची नव्हती, आणि ड्रायव्हरने गाडी चालवायची नाही म्हणजे त्याचा व्हिसा कशावर राहणार? ऑफिस मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, रजेवर गावी जाऊ दे, पुढचं पुढे बघू. पुढचं पुढे याचा अर्थ आखातात सगळ्यांना कळतो. खलास.

सिस्टर त्याच्या केबिनमध्ये गेल्या. मी एक रिपोर्ट द्यायच्या निमित्ताने मागोमाग गेलो. त्यांनी वाद घातला नाही, रडल्या नाहीत. समोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "सर, या हॉस्पिटलच्या व्हॅन किती, ड्रायव्हर किती, कोण कुठे आहे हे कोण बघतं?"

"ज्याला वेळ असेल तो," मॅनेजर म्हणाला.

"म्हणजे कोणीच नाही. पावसाच्या दिवशी सगळ्या व्हॅन एकाच पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. एक माणूस इथे फोनवर बसला असता तर?"

मॅनेजर म्हणाला, विचार करतो. सिस्टर म्हणाल्या, "करा. माझी ड्युटी संपली आहे. मी बसते." आणि बसल्या. त्याने मेल वाचले, फोन केले, पाणी प्यायला. सिस्टर त्याच्या काचेतून बाहेर बघत होत्या. थोड्या वेळाने राहवेना म्हणून त्यांनी त्याला सांगायला सुरुवात केली, "सर, तुमच्या खिडकीतून समुद्र दिसतो. ते बघा, उजवीकडे. तुम्ही पाठ करून बसता म्हणून तुम्हाला दिसत नाही." तो वळला. मला वाटतं त्या केबिनमध्ये बसायला लागल्यापासून तो पहिल्यांदाच वळला असावा. बघत राहिला. मग हताशपणे हसला आणि म्हणाला, "सिस्टर, यल्ला, चला, त्याला फोनवर बसवू. घरी जा आता."

युसुफभाई तिथे फोनवर बसला आणि चांगला बसला. मुलीचं लग्न झालं. पुढे तो स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या पायांनी कोझिकोडला परत गेला. त्याच्या नातवाचे फोटो मला अजून येतात.

व्हॅनवर नेपाळचा एक नवा मुलगा आला. पहिल्या दिवशी सिग्नलला सिस्टरांनी त्याला पद्धत समजावली. त्याने ओशाळून हळूच म्हटलं, "हरा." सिस्टर तोंड उघडणार तोच मागून सगळी व्हॅन एकदम म्हणाली, "हरा!" फिलिपिनो नर्ससुद्धा. खिडक्या उघड्या होत्या. पाठ दाराला टेकवून सिस्टर आम्हा सगळ्यांकडे बघत राहिल्या, आणि त्या दिवशी जिदहफ्सची खजुराची झाडं दाखवायची विसरल्या.

त्या निवृत्त होऊन नागपूरला गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. मी अजून इथेच आहे, बायको-मुलगी इथे आल्या आहेत. मुलीशी मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते. सिस्टरांचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन असतो. मागच्या उन्हाळ्यात म्हणाल्या, "शिकागोले चालले. भाचीने बोलावलं आहे. आणि तिकीट काढून ठेवलं आहे तिने." कसलं तिकीट ते विचारावं लागलं नाही. चंदेरी बंद पडल्यावर पुढे सरकारने त्याच नावाची दुसरी गाडी त्याच पहाडांतून सुरू केली होती. ती अजून धावते.

खरं सांगायचं तर मला धास्तीच वाटली. सिस्टरांचे गुडघे गेलेले, प्रवास एकटीचा, दोन रात्रींचा. पण खरी धास्ती ती नव्हती. ही नवी गाडी वेगळी होती. डबे दुमजली, उशिरा धावणारी. दाराशी हात द्यायला ती मुलगी नाही. चाळीस वर्षं एका बाईने मनात जी गाडी पुसून पुसून लख्ख ठेवली, तिच्या जागी ही पाहून तिचं काय होईल? गाडी निघायच्या दिवसापासून मी फोनकडे बघत होतो. बायको म्हणाली, "आईच्या ऑपरेशनला तू इतका बेचैन नव्हतास."

तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. आमच्याकडे चहाची वेळ, तिकडे सकाळ. आवाज एकदम टवटवीत होता.

"पोहोचले रे. गाडी लेट होती, पण पोहोचले."

"कशी होती?"

"वेगळी आहे. डबे उंच, रेघा नाहीत तशा. पण स्वच्छ होती. लोक बरे होते."

"आणि पहाड? पहाड पाहिले?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. आधी दाबलेला, मग मोकळा.

"मी झोपले रे."

"काय?"

"अरे, सकाळी नाश्ता करून त्या काचेच्या डब्यात जाऊन बसले. सगळ्यात चांगली खुर्ची पकडली. डोंगर सुरू झाला, पहिला बोगदा आला तेवढं आठवतं. डोळा लागला तो संध्याकाळीच उघडला. मधलं सगळं गेलं. नदी गेली, घाट गेला, सगळं. डोळे उघडून पाहते तं बाहेर कोरडं, लालसर वाळवंट. मले वाटलं मी बहरीनच्या सखीरलाच आली."

"कोणी उठवलं नाही तुम्हाला?"

"शेजारच्या बाईने अंगावर शाल टाकली होती. उठवलं नाही."

"भाचीला सांगितलं?"

"तिले कायले सांगू? तिने एवढं तिकीट काढून दिलं. तिले मी सगळे बोगदे क्रमाने सांगितले, नदी कोणत्या हाताला राहते ते सांगितलं. ती म्हणे, मावशी, किती बारीक पाहिलं तू!"

"वाईट नाही वाटलं?"

"वाटायला पाहिजे होतं. मी वाट पाहत होते वाईट वाटायची. पण नाही वाटलं, बापा. हलकं वाटलं. गाडी चालून राहिली होती, पोरं रडून राहिली होती, म्हातारे चढून-उतरून राहिले होते, आणि त्यात माझं काहीच काम नव्हतं. ती नोकरी मले मिळाली असती ना, तर मी कधी त्या गाडीत बसलेच नसते. उभीच राहिली असती."

मी गॅलरीत उभा होतो. खाली जुफैरच्या रस्त्यावर टॅक्सी हॉर्न वाजवत होत्या. मला खूप दिवसांनी पोटातून बरं वाटत होतं.

"मग एक पोरगी आली," सिस्टर सांगत होत्या, "तिथलीच, गाडीतली. माझ्यासमोर वाकून विचारलं, मॅम, जेवायला कधी बसाल? मी उभ्या जन्मात दुसऱ्यांना विचारत आले. मले तं उत्तरच सुचेना."

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, बाई, तुम्ही म्हणाल तेव्हा."